कुत्रं सांभाळलं म्हणजे मूलही सांभाळता येईल का?

प्रश्न वाचून हसू आलं, कारण अगदी हाच प्रश्न क्लिनिकमध्ये कुत्र्याला इंजेक्शन देता देता मला कितीतरी जोडप्यांनी विचारलाय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की लग्नाला ४ वर्षं झालीत, घरात दीड वर्षाची कुत्री आहे, दोघंही नोकरी करता, मुलाचा विचार चाललाय पण धीर होत नाहीये, आणि आजूबाजूचे म्हणतायत की एवढी कुत्री सांभाळलीत, मग मूल काय अवघड आहे. त्यातलेच काही जण परत असंही म्हणतायत की बाळ येणार असेल तर कुत्री आधी कुणाला तरी देऊन टाका. यातलं खरं किती, असं तुम्ही विचारलंय. मी २२ वर्षं प्राण्यांची डॉक्टर आहे, दोन मुलांची आई आहे, घरात कायम एखादं कुत्रं नाहीतर मांजर असतंच. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, घाईत असाल तर नंतर वाचा.

आधी सरळ सांगते, कुत्रं पाळल्यामुळे मूल कसं वाढवायचं ते कळत नाही. कळतं ते हे, की तुम्ही दोघं कसे आहात. आणि मला विचाराल तर हेच जास्त कामाचं आहे, कारण मूल कसं वाढवायचं हे सांगायला अख्खं जग टपून बसलेलं असतं, पण रात्री ३ वाजता झोपमोड झाल्यावर तुमचा नवरा कसा वागतो आणि तुम्ही कशा वागता हे बाहेरचं कुणीच सांगू शकत नाही. ते कुत्रीला माहितीये.

माझ्या टेबलासमोर काय दिसतं ते सांगते. जोडपं पपी घेऊन येतं, पपीला जुलाब होतायत. मी विचारते कधीपासून, किती वेळा, रंग कसा होता, रक्त किंवा शेंबडासारखं काही पडलं का, काल वेगळं काय खाल्लं, जंताचं औषध शेवटचं कधी दिलं. या सगळ्याची उत्तरं दर वेळी एकच माणूस देतो. दुसरा पपीला कवेत घेऊन उभा असतो, कानामागे खाजवत असतो, "माझं सोनं ते" म्हणत असतो, आणि त्याचं प्रेम खोटं नसतं हं, अजिबात नाही, पण जंताच्या औषधाचा विषय निघाला की तो बायकोकडे बघतो. कधीकधी उलटंही असतं, बायको बघते नवऱ्याकडे. पण दोघांनाही सगळं माहितीये असं जोडपं मला क्वचित भेटतं.

विचारलं तर सांगतात, आम्ही कामं वाटून घेतलीयेत ना, सकाळचं फिरवणं याच्याकडे, खाणं माझ्याकडे. बरोबर आहे, हाताने करायचं काम वाटून झालंय. पण खाण्याची पिशवी ४ दिवसांत संपणार आहे हे कुणाच्या लक्षात येतं? आज ती जिना चढताना जरा थांबली हे कुणी पाहिलं? गावाला जायचं ठरलं की तिचं काय करायचं हा विचार सगळ्यात आधी कुणाच्या डोक्यात येतो? हे डोक्यातलं काम कधी वाटलेलंच नसतं, ते आपोआप एकाच्या डोक्यावर जाऊन बसतं आणि दुसऱ्याला ते काम आहे हेच माहीत नसतं. कुत्र्याच्या बाबतीत हे खपून जातं. बाळाच्या बाबतीत तेच काम दसपट होतं, लसी, कपडे लहान होणं, ताप किती होता, कोणत्या बाजूला पाजलं, शी कधी झाली, आणि ज्याच्या डोक्यावर ते बसलंय तो माणूस सहा महिन्यांत असा काही तडकतो की दुसऱ्याला वाटतं हे एकदम काय झालं, मी तर सांगितलेलं सगळं करतच होतो की. "सांगितलेलं" या शब्दातच सगळी गोम आहे.

हे लिहिताना मी काही फार शहाणी आहे असं समजू नका. आमच्याकडे मीच ती सगळं माहीत असणारी होते आणि माझी चूक दुसऱ्या टोकाची होती. नवऱ्याने कुत्र्याला आंघोळ घातली की मी मागे उभी राहून, कानात पाणी जातंय, अरे आधी पाय, शाम्पू नीट निघाला नाही, असं चालू ठेवायचे. दोन महिन्यांत त्याने आंघोळ घालणं सोडलं आणि मग मीच तक्रार करायला मोकळी की सगळं मलाच करावं लागतं. मुलगी झाली तेव्हा नॅपीवरून हेच सुरू झालं, माझ्या तोंडातून अगदी तेच वाक्य त्याच सुरात बाहेर पडलं आणि मलाच कुत्र्याची आंघोळ आठवली. त्या दिवशी खोलीबाहेर गेले. नॅपी वाकडी बसली होती, गळली, चादर धुवावी लागली, बस, एवढंच झालं. ज्याला सगळं जमतं त्याने तोंड मिटून खोलीबाहेर जायला शिकणं हा पण सरावाचाच भाग आहे आणि तो कुत्र्यावर केलेला बरा, चादरी कमी धुवाव्या लागतात.

आता रात्रीचं. पपी आणल्यानंतरचे पहिले आठवडे आठवा. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांच्या वर लघवी धरता येत नाही, म्हणजे रात्री दोनदा तरी उठणं आलं, शिवाय आईपासून तुटलेलं असतं म्हणून रडतं. तेव्हा कोण उठत होतं? आणि जो उठत नव्हता तो खरंच झोपलेला होता की झोपेचं सोंग? (सोंग घेतलेल्याचा श्वास वेगळा असतो, लग्नाला ४ वर्षं झालीत, तुम्हाला कळत असणार.) पिल्लाचं हे तीन-चार आठवड्यांत बरंच निवळतं. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं, दिवसरात्र हा फरक त्याला माहीत नसतो, आणि रडणं पहिल्या दिवसापासून कमी होत जाईल अशी आपली समजूत असते ती चूक. दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढत जातं, साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त होतं आणि तीन-चार महिन्यांनी उतरतं. अगदी निरोगी बाळाचंही असंच. हे आधी माहीत नसलं की पाचव्या आठवड्यात आईबापांना वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

रात्रीचा राग हा विषय कुणी उघड बोलत नाही म्हणून मी बोलते. आमच्याकडे एक पिल्लू होतं, सलग चौथी रात्र, ३ वाजलेले, साफ केलेल्या फरशीवर त्याने परत केलं आणि मी चप्पल उचलून भिंतीवर भिरकावली. त्याच्यावर नाही, भिंतीवर, पण ते कोपऱ्यात जाऊन थरथरायला लागलं. मी, प्राण्यांची डॉक्टर, दिवसभर लोकांना सांगणारी की ओरडू नका. त्या रात्री मला कळलं की माझा राग कुठे असतो आणि तो यायच्या आधी काय होतं, माझे दात आवळले जातात आणि मी पुटपुटायला लागते. पुढे मुलगी सहा आठवड्यांची असताना एका रात्री तेच दात, तीच पुटपुट, आणि मला चप्पल आठवली. तिला पाळण्यात पाठीवर नीट झोपवलं, दार ओढून घेतलं आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले, आत ती रडतेय, मी बाहेर रडतेय. पाच-सात मिनिटांनी नवऱ्याला उठवलं. हे करणं म्हणजे वाईट आई असणं नव्हे. बाळ सुरक्षित जागी पाच-दहा मिनिटं रडल्याने काही होत नाही, रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवल्याने मात्र मेंदूला कायमची इजा होते, जीवही जातो. त्यामुळे तुमच्या कुत्रीच्या बाबतीत असा क्षण आला असेल तर लाजून विसरून जाऊ नका, एकमेकांना सांगा. तुम्हाला राग यायच्या आधी काय होतं हे नवऱ्याला माहीत पाहिजे, त्याचं तुम्हाला.

एकवाक्यता नसेल तर काय होतं हे कुत्र्याइतकं स्वच्छ दुसरं कुणी शिकवत नाही. जेवताना टेबलापाशी भीक मागणारी कुत्री घ्या. एक म्हणतो द्यायचं नाही, दुसरा दहातून एकदा गुपचूप तुकडा टाकतो आणि त्याला वाटतं एकदाच तर दिला. पण हे रोज देण्यापेक्षा वाईट आहे. कधी मिळेल ते माहीत नाही पण कधीतरी मिळतं, अशा पद्धतीने लागलेली सवय सगळ्यात चिवट असते, बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरांवर हे दाखवून कितीतरी वर्षं झाली, आणि जुगाराची मशीन याच तत्त्वावर चालतात. मग दोघांनी ठरवून देणं पूर्ण बंद केलं की पहिले काही दिवस कुत्री कमी नाही, जास्त भुंकते, पंजा मारते, रडते. बहुतेक लोक नेमके त्याच दिवशी हार मानतात आणि तुकडा टाकतात, म्हणजे तिला शिकवतात की थोडं जास्त रडलं की मिळतं. आता यात टेबलाच्या जागी मोबाइल घाला आणि कुत्रीच्या जागी तीन वर्षांचं मूल घाला. काही वेगळं लिहायला लागतच नाही.

फक्त नियम ठरवतानाच विचार करा की आपल्याला तो निभावता येईल का. दहा नियम करून सहा मोडण्यापेक्षा तीनच करा. आमच्याकडे कुत्र्याला बिछान्यावर चढू द्यायचं की नाही यावर आठ दिवस वाद झाला आणि शेवटी मी हरले, चढतं ते अजून, पण रोज चढतं. सोमवारी चालेल आणि मंगळवारी ओरडा, असं नाही.

अजून एक गोष्ट जी मी क्लिनिकमध्ये रोज ऐकते, "डॉक्टर, त्याला कळतं हो त्याने चूक केलीये, कसा बघतो बघा अपराध्यासारखा." अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या संशोधिकेने २००९ साली यावर छान प्रयोग केला होता. कुत्र्याने खाऊ खरंच चोरलाय की नाही याच्याशी त्या अपराधी चेहऱ्याचा संबंधच नव्हता, मालक रागावला की तो चेहरा व्हायचा, चूक केलेली असो की नसो. उलट काहीही न केलेल्या कुत्र्याला रागावलं तेव्हा तो चेहरा जास्त दिसला. म्हणजे आपण ज्याला "कळलं" म्हणतो ती भीती असते. मुलांच्या बाबतीत हे जास्त जपायला लागतं, कारण दोन वर्षांच्या मुलावर ओरडलं की ते खाली मान घालतं, गप्प होतं, आणि आपल्याला वाटतं चला, समजलं. समजलेलं काहीच नसतं, फक्त आईचा चेहरा वाकडा झाला की गप्प बसायचं एवढं समजलेलं असतं.

चेहरा वाचण्यात तर जनावर आणि मूल दोघंही उस्ताद. हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून जर्मनीत प्रसिद्ध झाला होता, १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने शोधून काढलं की घोड्याला गणित येत नाही, तो प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची अगदी बारीक हालचाल बघून खूर आपटायचा थांबतो. मी कितीदा तरी मालकालाच बाहेर बसवते, कारण मालक घाबरला की कुत्रं टेबलावर उड्या मारतं आणि मालक बाहेर गेला की तेच कुत्रं मुकाट्याने रक्त काढू देतं. वर्षाच्या आसपासचं मूलही पडलं की आधी तुमच्याकडे बघतं, मग रडायचं की उठायचं ते ठरवतं. तुमची कुत्री ढगांचा गडगडाट झाला की तुमच्याकडे बघते का? तेव्हा तुम्ही काय करता?

न बोलणाऱ्याचं ऐकणं, हा मात्र खरा फायदा. यात प्राणी पाळणारे लोक बाकीच्यांपेक्षा पुढे असतात हे मी छातीठोकपणे सांगते. मांजर दुखणं लपवतं, ओरडत नाही, फक्त अंग चाटणं कमी करतं किंवा उंचावर उडी मारायची सोडतं, आणि ज्याने हे बघितलं त्याची मांजर वेळेत येते. बोका लिटर बॉक्समध्ये (मांजराच्या शी-शूची वाळूची पेटी) वारंवार जाऊन कुंथतोय आणि लघवी होत नाहीये हे बद्धकोष्ठ समजून दोन दिवस थांबलेले लोक मी पाहिलेत, तो मूत्रमार्ग अडकलेला असतो, तासांवर जीव असतो. जो रोज बघतो त्याला "आज काहीतरी वेगळं आहे" हे कळतं, काय वेगळं आहे ते नाही सांगता येत, पण कळतं. बाळाचंही असंच आहे. भूक लागली की ते आधी तोंड इकडेतिकडे वळवतं, हात तोंडात घालतं, ओठ हलवतं, रडणं ही शेवटची पायरी. झोप आली की नजर हरवते, मान फिरवतं. ज्यांना कुत्रीचे कान मागे गेलेले दिसतात त्यांना हे दिसायला वेळ लागत नाही. बाळाच्या डॉक्टरकडे गेल्यावर कधीपासून, किती वेळा, किती प्यायलं, लघवी किती वेळा, असं सांगता येणारा पालक मिळाला की डॉक्टरचं अर्धं काम होतं, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी अनुभवलंय.

आणि अर्ध्या माहितीवर दुसऱ्याच्या शरीराबद्दल निर्णय घेणं. ऑपरेशन करायचं की थांबायचं, त्या बिचारीला विचारता येत नाही, डॉक्टर म्हणतो ७०-३० आहे, तुम्ही ठरवा. काही जोडपी अशा वेळी जवळ येतात आणि काही एकमेकांवर ढकलतात, म्हणजे पुढे बिघडलं तर "तूच म्हणाली होतीस". हे मी समोर बसून बघते आणि काही बोलू शकत नाही. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर त्या दिवशी तुम्ही कसे वागलात ते आठवा, माझ्या मते मुलाचा निर्णय घ्यायला एवढी एक आठवण पुष्कळ आहे.

आता जिथे हा सराव फसवतो ते. आधी गोड भाग सांगते, कुत्रीला "माझं बाळ" म्हणणाऱ्यांना लोक हसतात त्यात अर्थ नाही. २०१५ साली जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं की कुत्रं आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, आई-बाळाच्या नात्यात काम करतं तेच हार्मोन. त्यामुळे जीव लागतो तो खराच असतो. पण कुत्रीला तुम्ही चार तास घरात एकटी सोडून सिनेमाला जाऊ शकता. बाळाला चार मिनिटं पण नाही. पैसे, सुट्ट्या, फिरणं याबद्दल मी लिहीत नाही, ते तुम्हाला माहितीये आणि ते जमतं.

शिवाय कुत्री तुमच्या शरीरातून आलेली नाही. हे लोक विसरतात. पपी घरी आला तेव्हा तुम्ही दोघं सारखेच थकलेले होतात. बाळंतपणानंतर एकाचं शरीर मोडून पडलेलं असतं, टाके असतात, रक्त जात असतं, हार्मोन धाडकन खाली आलेले असतात, आणि दुसरा धडधाकट असतो. बाळंतपणानंतर दर दहातल्या एकीपेक्षा जास्त बायकांना नैराश्य येतं, नुसतं दोन दिवस रडू येणं वेगळं, हे आठवडेच्या आठवडे राहतं आणि त्याला उपचार लागतात. कुत्रीने या गोष्टीची काहीच पूर्वतयारी करून घेतलेली नसते, त्यामुळे पपीच्या वेळी अर्धं-अर्धं केलं म्हणून बाळाच्या वेळीही अर्धं-अर्धं, असा हिशेब करू नका. सुरुवातीचे महिने धडधाकट माणसाने जास्त उचलायचं, सरळ आहे.

आणि ट्रेनिंग. कुत्र्याचं ट्रेनिंग ज्यांना छान जमलंय ना, त्यांची मला जास्त काळजी वाटते. बस म्हटलं की बसायचं, बसलं की बिस्किट. मुलांवर हे सुरुवातीला भन्नाट चालतं आणि मग उलटतं. १९७३ मधला लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग आहे, बालवाडीतल्या ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडायचं त्यांच्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर बक्षीस मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळायला लागली. ज्यांना बक्षीस कबूल केलं नव्हतं त्यांचं चित्र काढणं पहिल्यासारखंच चालू राहिलं. मी स्वतः मुलाला दात घासायला स्टिकर देऊन बघितले, तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला आज दोन स्टिकर देणार असशील तर घासतो. कुत्रं असला सौदा करत नाही.

कुत्रं आयुष्यभर तुमच्यावर अवलंबून राहावं अशीच आपली व्यवस्था असते, दार तुम्ही उघडणार, ताटली तुम्ही भरणार, बारा वर्षांचं झालं तरी. मूल दोन वर्षांचं झालं की "नाही" म्हणायला लागतं आणि ते म्हणायलाच पाहिजे, आज्ञा पाळणारं मूल ही कौतुकाची गोष्ट नाही, निदान मला तरी ते बघून काळजी वाटते. कुत्र्याने "नाही" म्हटलं की ट्रेनिंग चुकलं असं आपण समजतो, तीच नजर मुलाकडे वळवली की घरात रोज युद्ध. ही सवय मला मोडायला वेळ लागला, अजून पूर्ण मोडली नाहीये, परवाच मुलीला "बस इथे" असं म्हटलं आणि ती म्हणाली, आई, मी कुत्रं आहे का.

एक विनंती, हे वाचून कुणी सराव म्हणून पिल्लू आणू नका. कुत्रं दहा-तेरा वर्षं जगतं, मांजर नीट सांभाळलं तर पंधराच्या पुढे जातं, तुमचा सराव संपला तरी ते उरतंच. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर आणि बाळाची चाहूल लागल्यावर "कुणी चांगलं घर देणारं आहे का" म्हणत आणलेली जनावरं मी बघते, पहिले दोन-तीन आठवडे ती दाराकडे बघत बसतात. मूल होत नाहीये म्हणून दुधाची तहान ताकावर भागवायला आणलेलं कुत्रंही बघितलंय, त्याच्यावर अपेक्षांचं इतकं ओझं असतं की बिचारं वेडंवाकडं वागायला लागतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. कुत्री देऊन टाकायची काही गरज नाही, पण तयारी बाळ यायच्या तीन-चार महिने आधी सुरू करा. जे बदलणार आहे ते आधी बदला म्हणजे बाळ आलं आणि माझं सगळं गेलं असा संबंध ती जोडत नाही. झोपायची जागा, फिरायची वेळ, कोणत्या खोलीत येऊ द्यायचं नाही, सगळं आत्ताच. रिकामी बाबागाडी घेऊन तिच्यासोबत फिरा, लोक वेड्यात काढतील, काढू देत. बाळाच्या रडण्याचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात लावा आणि तेव्हा तिला आवडतं ते काहीतरी द्या, मग हळूहळू आवाज वाढवा. खोलीला जाळीचं गेट बसवा. रेबीजचं व्हॅक्सिन, जंताचं औषध, गोचिडांचं औषध वेळेवर, बाळाचं तोंड चाटू द्यायचं नाही, हात धुवायचे. चावली किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि थेट डॉक्टरकडे, व्हॅक्सिन झालेलं असलं तरी.

लोक सगळी तयारी बाळ घरी यायच्या दिवसाची करतात. तो दिवस सोपा असतो, बाळ एका जागी पडलेलं असतं. खरी परीक्षा सात ते दहा महिन्यांत, बाळ रांगायला लागतं तेव्हा. आता ते कुत्रीच्या दिशेने येतं, शेपटी धरतं, तिच्या ताटलीत हात घालतं, ती झोपलेली असताना अंगावर पडतं. तोपर्यंत "आमची फार गरीब आहे हो" म्हणून सगळे निर्धास्त झालेले असतात. एक मिनिटही दोघांना एकटं सोडायचं नाही, कुत्री कितीही गुणी असो, आणि तिला बाळ पोचू शकणार नाही अशी स्वतःची एक जागा हवी. ती ओठ चाटते, जांभई देते, मान फिरवते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो, म्हणजे ती सांगतेय की मला नको आहे हे. गुरगुरली तर रागावू नका, बाळाला उचलून बाजूला घ्या. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेली कुत्री गुरगुरायचं सोडते आणि पुढच्या वेळी थेट चावते.

मांजरवाल्या घरातून हेच विचारतात म्हणून दोन ओळी. गरोदरपणात टॉक्सोप्लाझ्मा या जंतूची (त्याची लागण पोटातल्या बाळाला बाधू शकते) भीती खरी आहे पण त्यासाठी मांजर घराबाहेर काढायची नसते. मांजराच्या शीतून पडलेला तो जंतू लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात, त्यामुळे लिटर रोज साफ करायचं आणि ते काम नवऱ्याने करायचं, नसेलच दुसरं कुणी तर हातमोजे घालून. कच्चं मांस, न धुतलेल्या भाज्या आणि बागेतली माती यांतूनही त्याची लागण होते, तिकडे लक्ष द्या. बाकी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना घरात प्राणी आहे हे पहिल्याच भेटीत सांगा.

मूल हवं की नको हे मी सांगणार नाही, तो माझा प्रांत नाही. पण आज रात्री एक करून बघा, दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा की कुत्रीचं पुढचं व्हॅक्सिन कधी आहे, तिचं वजन किती आहे आणि जंताचं औषध शेवटचं कोणत्या महिन्यात दिलं. फाइल न उघडता.